मंगळसूत्र दातात धर

बेलापूर, जि. नगर,
१९ सप्टेंबर २०२४

शॅरन,
सलाम.

कालच्या शिबिराचं मेमरी कार्ड सोबत पाठवते आहे. त्रेचाळीस बायकांच्या छातीचे आवाज, नंबरवार. नावांची यादी वेगळ्या कागदावर आहे. दवाखान्याचं काम इथे संपलं, पण पाकिटात जागा उरली आहे आणि माझ्या पोटात तीन वर्षांचं साचलेलं आहे, तेव्हा वाच. फोनवर मी ओरडते असं तूच म्हणायचीस. कागदावर ओरडलं तर निदान शेजारी गोळा होत नाहीत.

काल तू आठ तास माझ्या दवाखान्यात होतीस. तेवढ्यात माझ्याशी तीन वाक्यं बोललीस. ‘प्लग कुठे आहे?’, ‘पंखा बंद करता येईल का?’ आणि निघताना, ‘सिस्टर, ही यंत्राची पेटी कपाटात ठेवा.’ सिस्टर! आई गेल्यापासून दहावीपर्यंत जिच्या वेण्या मी घातल्या, ती मला चारचौघांत सिस्टर म्हणते. गावातल्या बायका माझ्या तोंडाकडे बघायला लागल्या. त्यांना माहीत आहे तू कोण ते. मी तोंड धुवायला म्हणून मागे गेले.

आमचे डॉक्टर तुझ्या मागेपुढे ‘मॅडम, मॅडम’ करत होते. सव्वीस वर्षं मी त्यांच्या हाताखाली आहे, त्यांनी मला कधी चहा विचारला नाही. तुला दोनदा विचारला आणि दोन्ही वेळा तो मला करावा लागला. दुसऱ्या खेपेला मी साखर कमी घातली. मुद्दाम.

जळते मी तुझ्यावर. लिहूनच टाकते, म्हणजे पुढचं लिहायला सोपं जाईल. त्या पांढऱ्या डबीवर जळते. चकतीच्या पोटात माईक, डबीला वायर, वायरला मोबाईल, आणि वीस सेकंदांत हिरवा नाहीतर लाल दिवा. बायका बघायला गर्दी करत होत्या. माझा स्टेथोस्कोप माझ्या गळ्यात लोंबत होता. लाल दिवा म्हणजे काय ते मी वीस सेकंदांच्या आत कानाने सांगते, पण मला दिवा नाही ना.

पहिलं यंत्र तू कशातून केलंस ते सांगतेस का गं लोकांना? मी नर्सिंग पास झाले तेव्हा पपांनी मला आणलेला स्टेथोस्कोप. तू इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असताना त्याची नळी ब्लेडने कापलीस आणि तिच्यात इयरफोनचा माईक कोंबलास. मी ड्युटीवरून घरी आले तर पपा सदरा काढून स्वयंपाकघरात बसलेले, छातीवर माझी चकती, तू लॅपटॉपवर वाकलेली. ‘फिलो, बघ पोरीने काय केलंय!’ म्हणाले. कापलेल्या नळीबद्दल दोघंही चकार शब्द बोलला नाहीत. पुढे तीन वर्षांपूर्वी पपा गेले, त्यांच्या महिन्याच्या प्रार्थनेला तू तेच रेकॉर्डिंग स्पीकरवर लावायला निघालीस, तेव्हा ‘बापाचं काळीज जत्रेत मांडू नकोस’ असं म्हणून मी उठून गेले. नंतर तू ते मला फोनवर पाठवलंस, ते मी न ऐकता पुसून टाकलं. तुला आज कळवते.

तुझ्या मुलाखतीचं कात्रण डॉक्टरांनी औषधांच्या खोलीत चिकटवलंय. ‘माझ्या वडिलांच्या हृदयातला दोष सर्वांत आधी या यंत्राने ऐकला.’ रोज गोळ्या काढताना मला ते वाचावं लागतं. सर्वांत आधी मी ऐकला होता. दोन वर्षं आधी. या दोन कानांनी.

काल तुझ्या यंत्राने अकरा लाल दिवे दाखवले. त्रेचाळिसांत अकरा! तू घाबरलीस, तरी चेहरा कोरा ठेवून सगळ्यांना नगरला जाऊन इको करायच्या चिठ्ठ्या दिल्यास. अकरा का, ते मला चौथ्या बाईलाच कळलं होतं. तू विचारलं नाहीस, म्हणून मीही सांगितलं नाही.

फिलोमिना साळवे
परिचारिका

*

१२ ऑक्टोबर २०२४

शॅरन,
सलाम.

अकरापैकी चौघी जीप करून नगरला जाऊन आल्या. चौघींचा इको स्वच्छ. एक दिवस मोडला, कापसाची वेचणी राहिली, म्हणून आल्या त्या तडक माझ्याशीच भांडायला. तू पुण्यात, मी इथे, शिव्या मला.

आता ऐक. मंगळसूत्र.

तुझी चकती पदराआडून जिथे जाते तिथेच काळ्या मण्यांची पोत रुळत असते. बाईने श्वास घेतला की मणी चकतीवर घासतात. तो घसघस आवाज तुझं यंत्र छातीतला समजतं. पुण्यात तू यंत्र शिकवलंस ते कोणाच्या छातीवर? तुझ्या, तुझ्या मैत्रिणींच्या, ऑफिसातल्या मुलांच्या. तुमच्यात पोत घालून ऑफिसला येतं कोण? आणि आपल्या दोघींच्या गळ्यात तर कधी पडलंच नाही, मग तुला आठवणार तरी कसं. मी मात्र सव्वीस वर्षं बायका तपासतेय.

मंगळसूत्र काढ म्हटलं तर एकही बाई काढत नाही. नवरा जिवंत असताना कशाला काढायचं, म्हणतात. हाताने बाजूला धर म्हटलं तर हात थरथरतो, तोही आवाज येतो. म्हणून मी म्हणते, ‘दातात धर.’ पोत वर उचलली जाते, मणी छातीपासून सुटतात, आणि मुख्य म्हणजे बाईची बडबड बंद होते. हे मला कोणी शिकवलं नाही, माझं मीच काढलंय. शिबिराच्या दिवशी एक शब्द बोलले असते तर तुझे लाल दिवे तिथेच विझले असते. मला ते विझवायचे नव्हते. तू पडलेली मला बघायची होती.

चौघींना मी दातात धरायला लावून माझ्या स्टेथोस्कोपने तपासलं. चारही छात्या घड्याळासारख्या. उरलेल्या सातजणींनाही निरोप दिला, नगरला हेलपाटा घालू नका, मशीन चुकलंय. सगळ्या निर्धोक आहेत. तुझ्या वहीत तसं लिहून घे.

राहीबाईंना ओळखतेस ना, पिठाच्या गिरणीमागच्या? त्यांची सून पूजाही त्या सातांत होती. राहीबाई म्हणाल्या, ‘मला ठावंच हुतं सिस्टर. डबी ती डबी. तुमच्या कानाची सर तिला यायची न्हाई.’ हे वाक्य मला दिवसभर पुरलं.

फिलोमिना

*

२३ नोव्हेंबर २०२४

शॅरन,
सलाम.

तुझं पत्र मिळालं. पपांनी घोटून घेतलेलं अक्षर अजून तसंच आहे तुझं.

‘ताई’ असं लिहिलंस. मण्यांची चूक पुण्याला सगळ्यांसमोर कबूल केलीस आणि ती कोणी दाखवली तेही सांगितलंस, असं म्हणतेस. मला वाटलं होतं तू कारणं देशील. मग मला भांडता आलं असतं. आता हे ‘ताई, तुझ्यामुळे’ घेऊन मी काय करू?

पण लगेच खाली ती मेख मारलीसच. ‘बाकी दहा रेकॉर्डिंग मण्यांचीच आहेत. २९ नंबरचा आवाज मण्यांसारखा वाटत नाही. मणी श्वासाबरोबर घासतात, हा ठोक्याबरोबर येतोय. ताई, तू तिला परत एकदा ऐकशील?’

मी ऐकलंय. मला परत ऐकायला सांगू नकोस. तू कपड्यांत शी करायचीस तेव्हापासून मी लोकांच्या छात्या ऐकते आहे. पुण्यात बसून, हेडफोन लावून, दोन महिन्यांपूर्वीच्या वीस सेकंदांवरून तू मला सांगणार की माझं चुकलं? तुझ्या यंत्राने अकराजणींना घाबरवलं, तेवढं पुरे.

आणि दुसरं विचारलंस, पपांचा दोष मला दोन वर्षं आधी कळला होता तर मी तुला कधीच का सांगितलं नाही. त्याचं उत्तर मी देणार नाही.

पेटी कपाटात आहे. धूळ बसते, पुसते.

फिलोमिना

*

१६ जानेवारी २०२५

शॅरन,

२९ नंबर म्हणजे पूजा.

आज सकाळी ती दवाखान्यात आली. सातवा महिना. दोन पायऱ्या चढली आणि बाकावर बसून राहिली, बोलता येईना. ओठ निळसर. रात्री उशा लावून बसूनच झोपते म्हणाली. मी तिला डाव्या कुशीवर वळवलं, मंगळसूत्र दातात दिलं आणि स्टेथोस्कोप लावला.

आहे गं. ठोक्यानंतर खालच्या पट्टीतली घरघर, ठोक्याला बांधलेली. मी विचारलं, लहानपणी सांधे सुजायचे का, ताप यायचा का? मान हलवली. त्या तापाने हृदयाची झडप आखडलीय तिची. तुझ्या यंत्राने सप्टेंबरात सांगितलं होतं.

आता जे लिहिते ते तू दोनदा वाच, म्हणजे मला परत लिहावं लागणार नाही. मी अकराजणी तपासल्या नव्हत्या. चौघीच तपासल्या. त्या चौघी स्वच्छ निघाल्या आणि मला एवढा आनंद झाला, की उरलेल्या सातजणींना मी न ऐकताच सांगत सुटले, मशीन चुकलंय म्हणून. घरोघर गेले. कामाच्या वेळेत गेले. पूजाच्या दारात उभी होते तेव्हा स्टेथोस्कोप माझ्या गळ्यात होता. हात वर करायला किती वेळ लागला असता? पण मला तिची छाती ऐकायची नव्हती, राहीबाईंच्या तोंडून तुझ्या डबीची फजिती ऐकायची होती. ती ऐकली आणि घरी आले. नंतर तू पत्रात विचारलंस, तर तुझ्यावरच उलटले. चार महिने गेले त्या मुलीचे.

डॉक्टरांनी लगेच नगरला न्यायला सांगितलं. मी चिठ्ठी घेऊन राहीबाईंकडे गेले. त्या तीळ निवडत होत्या. उद्या त्यांच्याकडे हळदीकुंकू आहे, पन्नास बायका येणार. चिठ्ठी हातात घेतलीच नाही.

‘तुमीच म्हनल्या हुत्या ना सिस्टर, मशीनचं काय खरं न्हाई म्हनून? ह्याच दारात उभं ऱ्हाऊन म्हनल्या. आन आता तुमीच उलटं बोलताय व्हय?’

मी म्हटलं, राहीबाई, आता मी कानाने ऐकलंय.

‘तवा काय नाकानं ऐकलं हुतं? पोटुशी बाईला दम लागनारच की. मला न्हाई लागला? चार पोरं झाली, येकदा बी नगर बघितलं न्हाई. सुनीलला बी मी सांगितलंय, उगं पोरीला भेव घालू नगं.’

सुनील, म्हणजे पूजाचा नवरा, कारखान्यावर ऊसतोडीच्या हंगामात अडकलेला. आईच्या शब्दाबाहेर नाही. पूजा आत भिंतीला टेकून बसलेली मला दिसत होती. माझ्याकडे बघत होती, म्हणजे मी काहीतरी करेन अशा भरवशाने. मला तिथून पळून जावंसं वाटलं.

मला तुला फोन करायचा होता. रिंग गेली आणि मी ठेवला. तुझा आवाज ऐकून मला रडू आलं असतं आणि मग तूच माझी समजूत घातली असतीस. तेवढं मला नको होतं.

गावाने माझ्यावर विश्वास ठेवला म्हणून ही मुलगी जिवानिशी जाणार आहे, शॅरन. कपाट उघडून पेटी काढली आहे. चार्जिंगला लावली आहे.

फिलोमिना

*

२० फेब्रुवारी २०२५

प्रिय शॅरन,
सप्रेम सलाम.

पूजा जिवंत आहे. हे आधी लिहिते, बाकीचं सावकाश.

मागचं पत्र टाकलं त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी मी राहीबाईंच्या अंगणात गेले. हळदीकुंकवाला मला कोणी बोलावलेलं नव्हतं, मला कशाला बोलावतील. बायका सतरंजीवर बसलेल्या, वाण म्हणून स्टीलच्या चाळण्या. मी पेटी घेऊन मधोमध उभी राहिले आणि म्हटलं, ‘सप्टेंबरात मी तुम्हाला सांगितलं मशीन चुकलंय. मी चौघींनाच तपासलं होतं. तुम्हा सातजणींना मी हात लावला नव्हता. न तपासताच बोलले. माझी चूक आहे.’

मागून एक म्हणाली, ‘मंग आमी बी आजारी हाय का?’ मी म्हटलं, उद्यापासून सगळ्यांना परत ऐकणार. पण आधी पूजा.

राहीबाई उठल्या. त्यांच्या घरी, त्यांच्या पाहुण्यांसमोर. ‘तवा चुकल्या, मंग आज चुकनार न्हाई कशावरनं?’

मी म्हटलं, माझ्यावर विश्वास ठेवू नका. तुम्ही स्वतः ऐका. बसा.

त्यांना ओट्यावर बसवलं आणि मशीनला पेटीतला छोटा स्पीकर जोडला. तू पेटीच्या झाकणात कागद ठेवला आहेस ना, चित्रं काढून, कुठली पिन कुठे ते? ताईला चष्म्याशिवाय दिसत नाही म्हणून एवढी मोठी अक्षरं काढलीस का? मी तो कागद चार महिने उघडला नव्हता.

आधी तशीच चकती लावली, मण्यांवरून. घसघस, घसघस. लाल दिवा. बायका ‘अगं बया’ करायला लागल्या. मग म्हटलं, राहीबाई, मंगळसूत्र दातात धरा. त्यांनी धरलं. अंगणात पहिल्यांदाच शांतता झाली. परत लावली. ठक-ठक, ठक-ठक, स्वच्छ, गिरणीच्या पट्ट्यासारखी एका लयीत. हिरवा दिवा.

मग पूजाला आणली. मण्यांवरून लावली, लाल. दातात धरायला लावलं, कुशीवर वळवलं, परत लावली. घसघस गेली आणि घरघर राहिली. लालच. सगळ्या अंगणाला ऐकू येत होतं. मी दुसऱ्यांदा लावली, तिसऱ्यांदा लावली.

राहीबाईंच्या दातात अजून त्यांची पोत तशीच होती. ती त्यांनी सोडली. ‘हिचं येगळंच वाजतंय की वो,’ म्हणाल्या. मग पूजाच्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, ‘बोलली का न्हाईस गं मला?’ पूजा म्हणाली, ‘बोलले हुते, आत्याबाई.’

त्याच दिवशी चार वाजता गाडी केली. राहीबाई हळदीचे हात न धुता गाडीत बसल्या. नगरला इको झाला, तिथून पुढे मोठ्या दवाखान्यात पाठवलं, तिथे फुगा घालून झडप उघडली. आता धाप नाही. बाळ वाढतंय. मोठे डॉक्टर म्हणाले, बाळंतपणापर्यंत असंच राहिलं असतं तर कोणी वाचवू शकलं नसतं. राहीबाई मला हे सांगायला आल्या होत्या. आल्या, सांगितलं आणि चहा न घेता गेल्या. पूर्वीसारखं ‘तुमच्या कानाची सर न्हाई’ म्हणाल्या नाहीत. आता म्हणणारही नाहीत. उरलेल्या सहाजणींना मी एकेकीला ऐकलं, त्या खरंच निर्धोक आहेत. पण ऐकून घेताना त्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या. खरं सांगतेय का, म्हणून.

नगरच्या चिठ्ठीत एक रकाना होता, ‘दोष प्रथम कोणी ओळखला’. डॉक्टर म्हणाले, सिस्टर, तुमचं नाव घाला. मी पेन धरून बसले होते. खोटं सांगत नाही, ‘फि’ काढला होता. तो खोडून लिहिलं, ‘शॅरन याकोब साळवे यांचे यंत्र, १८ सप्टेंबर २०२४.’ लिहिताना जीव जळला. चांगली बहीण असते तर जळला नसता. मी आहे ही अशी आहे.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. पपांचा दोष मी आधी ऐकला, हे खरं. त्यांना सांगितलं तर म्हणाले, ‘शॅरनची परीक्षा होऊ दे, तिला कळवू नको.’ परीक्षा झाली. तरी मी सांगितलं नाही. सगळं तुझंच होतं गं त्या घरात, शाबासकी, कौतुक, पाहुण्यांपुढे बोलावणं. पपांच्या छातीतला तो एक आवाज फक्त मला माहीत होता. रोज संध्याकाळी मी तो ऐकायचे. मग तू माझीच चकती त्यांच्या छातीला लावलीस आणि तोही लॅपटॉपात घेऊन गेलीस. कागदावर हे किती लहान दिसतं. पेपरात तू खोटं बोलली नव्हतीस. तुला माहीतच नव्हतं, कारण मी कळू दिलं नाही.

नवीन यंत्र पाठवशील तेव्हा झाकणातल्या कागदावर पहिली ओळ घाल, मंगळसूत्र दातात धरायला सांगा. माझं नाव नको. किंवा घाल. घालच.

आणि एक मागते. पपांचं ते रेकॉर्डिंग तुझ्याकडे अजून असलं तर परत पाठव. ते न ऐकताच मी तुला नको ते बोलले होते.

या वेळी आधी ऐकेन.

तुझी,
फिलोताई